गाडीतला आवाज जुळवताना

माझ्या गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचा बास (खालचे सूर) जवळजवळ दीड वर्ष अधिक सहावर होता, ट्रेबल (वरचे सूर) अधिक चारवर होता, लाउडनेस कायम चालू होता, आणि एवढे सगळे चढवूनही गाणे ऐकताना काहीतरी उणे आहे ही जाणीव जात नव्हती. तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा तीक्ष्ण बोल, कानाला टोचत असे, पण डग्गा मात्र शेजारच्या खोलीत दार लावून कोणी वाजवत असावे तसा दबका ऐकू येई. गायिकेचा आवाज समोरून येण्याऐवजी माझ्या उजव्या गुडघ्याजवळून, दाराच्या खालच्या कोपऱ्यातून येत असे. प्रत्येक वेळी मी एकच उपाय करत आले होते, तो म्हणजे बास आणखी एक घर वर. शेवटी स्पीकर बदलावेत असे मनात घोळू लागले, तेव्हा ठरवले की नवे काही विकत घेण्याआधी जे हाताशी आहे ते एकदा शांतपणे, क्रमाने जुळवून पाहायचे. त्याला सुमारे तीन आठवडे लागले, आणि सगळ्यात मोठा दोष सेटिंगमध्ये नव्हताच, हे आधीच सांगून टाकते.

गाडीच्या चारही दारांत स्पीकर आहेत. पुढच्या दारांत खाली साडेसहा इंचांचा स्पीकर आणि वर आरशाच्या कोपऱ्यात वरच्या सुरांसाठीचा छोटा ट्वीटर अशी जोडी आहे. ही जोडी एकाच तारेवर असल्यामुळे दोघांना वेगवेगळे हाताळता येत नाही. सबवूफर, म्हणजे केवळ खर्जासाठीचा मोठा स्पीकर, नाही. युनिटच्या, म्हणजे डॅशबोर्डमधल्या मुख्य यंत्राच्या, खोक्यावर ‘५० वॉट × ४’ असे ठळक छापलेले होते, परंतु तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, आणि अशा युनिटमधला ॲम्प्लिफायर सलग देऊ शकतो ती ताकद प्रत्येक स्पीकरमागे २० वॉटच्या आसपास असते. हे मला आधी उमगले असते तर बास मी इतका पिळला नसता. कारण आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढवायची तर ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद द्यावी लागते आणि ९ डेसिबलने वाढवायची तर आठपट. म्हणजे बासची पट्टी वर नेली की खर्जाच्या प्रत्येक ठोक्याला त्या बिचाऱ्या २० वॉटची दमछाक होणार, लहरीची टोके छाटली जाणार, आणि छाटलेला आवाज आपल्याला कर्कश म्हणून ऐकू येणार. मग कर्कशपणा झाकायला मी पुन्हा बासच वाढवत होते.

ऐकून पाहण्यासाठी मी तीनच गोष्टी निवडल्या आणि तिन्ही आठवडे त्याच ठेवल्या. एक ख्यालाचे ध्वनिमुद्रण, ज्यात तानपुऱ्याची खर्जाची तार आणि जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, दोन्ही स्वच्छ ऐकू येतात. दुसरे पियानोचे, कारण पियानोचे सूर खालपासून वरपर्यंत सलग असतात आणि मधलाच एखादा सूर फुगला किंवा बसला की तो लगेच चोरासारखा पकडला जातो. तिसरे म्हणजे माझ्या वडिलांनी मोठ्याने वाचलेले एक पत्र, मीच कधीतरी टिपून ठेवलेले. संगीताबद्दल माझा कान फसू शकतो, कारण ती गायिका प्रत्यक्षात कशी ऐकू येते हे मला ठाऊक नाही; बाबांचा आवाज कसा आहे हे मात्र मला पक्के माहीत आहे. त्या वेळी गाडीत बाबांना कायमची सर्दी झालेली होती.

पहिल्या संध्याकाळी मी इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवून बसले, आणि ऐकण्याच्या नादात दोन तास कसे गेले ते कळले नाही. गाडी सुरू करायला गेले तर बॅटरीने नुसती टकटक केली. त्यानंतर अर्ध्या तासाच्या वर एका वेळी बसायचे नाही आणि लांबण लागणारच असेल तर उघड्या जागी इंजिन चालू करून बसायचे, असा नियम केला. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे जिवावर बेतू शकते, तेव्हा त्याचा विचारही करू नये.

फोनचे काम पटकन आटोपले. फोनमध्ये स्वतःचा इक्वलायझर (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करणारी सोय) चालू होता, गाण्यांच्या ॲपमध्ये दुसरा, आणि गाडीत तिसरा. तिघेही एकाच आवाजावर आपापली करामत करत होते. पहिले दोन बंद केले. ब्लूटूथवर फोनचा आवाज अर्ध्यावर ठेवून गाडीचा वाढवण्याची माझी सवय होती, तीही मोडली, कारण दुबळा आलेला संकेत पुढे फुगवला की त्याच्यासोबत खरखरही फुगते. फोन पूर्ण किंवा त्याहून एक घर खाली ठेवायचा आणि कमीजास्त गाडीतूनच करायचे. जुळवाजुळवीपुरते मी ब्लूटूथही सोडून दिले आणि पेनड्राइव्हवर फ्लॅक फायली, म्हणजे आवाजातले काहीही न गाळणाऱ्या फायली, घेतल्या, म्हणजे दोष सापडला तर तो गाडीचाच आहे याची खात्री राहील.

मग सगळे शून्यावर आणले. बास, मध्य, ट्रेबल शून्य, लाउडनेस बंद, वेगानुसार आवाज वाढवणारी सोय बंद, सभागृहाचा भास देणारी सोय बंद. ऐकले आणि अक्षरशः हिरमुसले. आवाज बोदा, सपाट, जीव नसल्यासारखा. परंतु दीड वर्ष मीठ जास्त खाणाऱ्याला बेताचे मीठ अळणीच लागणार, असे स्वतःला समजावून दोन दिवस तसेच ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी चाट टोचेनाशी झाली होती. डग्गा मात्र अजूनही बंद दाराआडच होता, आणि तेव्हा प्रथमच मनात आले की ही उणीव माझ्या चवीची नसून काहीतरी खरोखर बिघडलेले आहे.

ते सापडले बॅलन्स, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरांमधला तोल, तपासताना. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्यांमधला तोल, पूर्ण पुढे नेऊन मागचे स्पीकर गप्प केले आणि बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेला. एकट्या उजव्या दारातून डग्ग्याचा घुमारा बऱ्यापैकी ऐकू आला. पूर्ण डावीकडे नेला. तिथूनही आला, अंतरामुळे थोडा कमी. बॅलन्स मध्यावर आणला, म्हणजे दोन्ही दारे एकदम बोलू लागली, आणि घुमारा नाहीसा झाला. मी हे पुन्हा पुन्हा करून पाहिले. एक अधिक एक दोन व्हायच्या जागी शून्य होत होते. बाबांचे पत्र लावले तर त्यांचा आवाज कुठून येतो आहे हेच सांगता येईना. तो दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी पसरून तरंगत होता.

याचा अर्थ एकच होता, की दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा हवा दाबतो आणि मागे जातो तेव्हा ओढतो. डग्ग्यासारखा ध्वनी बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच मुद्रित केलेला असतो, त्यामुळे दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे यायला हवेत. एकाच्या तारा उलट असतील तर हा दाबतो तेव्हा तो ओढतो, आणि खालच्या सुरांच्या लहरी इतक्या लांब असतात (१०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांची, लहर जवळजवळ साडेतीन मीटरची) की गाडीएवढ्या जागेत त्या एकमेकींना गिळून टाकतात. वरच्या सुरांच्या लहरी आखूड असल्यामुळे त्यांचे तसे सरसकट होत नाही, म्हणून चाट शाबूत आणि डग्गा गायब.

कधी झाले असावे याचा अंदाजही लागला. डाव्या दाराची काच खालीवर होईना म्हणून गाडी दुरुस्तीला दिली होती, त्याला साधारण दीड वर्ष झाले होते. बास वाढवण्याचा माझा छंदही तितकाच जुना.

रविवारी सकाळी डाव्या दाराचे पॅड उघडले. हँडलमागचा स्क्रू आणि आतल्या खोबणीतले दोन स्क्रू काढून कडेच्या क्लिपा एकेक करून सोडवल्या. त्यांतल्या दोन जागी क्लिपा नव्हत्याच, नुसती भोके होती. आत स्पीकरकडे जाणाऱ्या तारा मध्येच कापून पुन्हा पिळून जोडल्या होत्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, जी उन्हाने सैल होऊन चिकट झाली होती. एका तारेवर काळी रेघ होती, दुसरी कोरी. जोडाच्या पलीकडे मात्र रेघेची तार कोऱ्या तारेला आणि कोरी रेघेच्या तारेला मिळाली होती. तरीही घाई न करता मी स्पीकरवरच्या दोन्ही टोप्या काढल्या, म्हणजे युनिटशी संबंध तुटला, आणि दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन त्याचे धन टोक स्पीकरच्या अधिक खुणेला व ऋण टोक उण्या खुणेला क्षणभर टेकवले. पडदा ‘टक्’ असा आवाज करून बाहेर आला. म्हणजे स्पीकरवरच्या खुणा बरोबर होत्या आणि चूक त्या पिळलेल्या जोडातच होती. उजवे दारही तसेच उघडून पाहिले. तिथे रेघेची तार उण्यालाच होती. डावीकडचा जोड सोडवून, रंग जुळवून, नीट डाख देऊन त्यावर आकसणारी नळी चढवली. सगळे मिळून दीड तासाचे काम, त्यातला तासभर क्लिपा न मोडता पॅड काढण्यात गेला.

पॅड परत बसवण्याआधी फक्त तारा जोडून ख्याल लावला. सगळ्या पट्ट्या शून्यावर असताना डग्गा असा काही बोलला की मी दचकून आवाज कमी केला.

दार उघडे होतेच, म्हणून खडखडाटाचाही बंदोबस्त केला. ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच सूर वाजवला आणि हाताने पॅड ठिकठिकाणी दाबत गेले. ९०च्या सुमारास त्या बिनक्लिपांच्या कडेने फडफड सुरू केली, आणि १२०च्या आसपास दाराच्या खणातले चष्म्याचे घर नाचू लागले. नव्या दोन क्लिपा, कडेला फोमची पातळ पट्टी, आणि चष्म्याच्या घराची बदली. पूर्वी ही फडफड मी स्पीकर फाटल्याची खूण समजत होते.

इथे सगळे संपले असे वाटले, पण बाबांचे पत्र लावले तेव्हा एक नवीच गोष्ट दिसली. खर्ज आला होता, परंतु आवाजाचा मधला गाभा पोकळ झाला होता, जणू ते तोंडासमोर नळी धरून बोलत होते. तार दुरुस्त केल्यावर आवाज एका जागी आणखी बिघडावा याचे मला फार नवल वाटले. कागदावर मांडून पाहिल्यावर कारण कळले. उजव्या दाराचा स्पीकर माझ्या डोक्यापासून ९६ सेंटिमीटरवर आणि डाव्या दाराचा १४२ सेंटिमीटरवर होता; फरक ४६ सेंटिमीटर. ज्या सुराच्या लहरीची लांबी याच्या दुप्पट, म्हणजे ९२ सेंटिमीटर, तो सूर डावीकडून माझ्यापर्यंत नेमका अर्धी लहर उशिरा पोहोचतो आणि उजवीकडच्याला खोडतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर तो सूर ३७० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तो भाग माणसाच्या आवाजाचा अगदी पोटातला आहे. तारा उलट असताना हीच अर्धी लहर उलट्या जोडणीने सुलट होत होती. म्हणजे दीड वर्ष एक दोष दुसऱ्या दोषाला झाकून बसला होता.

यावरचा उपाय युनिटच्या मेनूत तिसऱ्या पानावर होता, आणि ते पान मी कधी उघडलेच नव्हते. टाइम अलाइनमेंट म्हणजे जवळच्या स्पीकरला मुद्दाम उशीर करायला लावणे, म्हणजे दूरच्याचा आणि त्याचा आवाज कानाशी एकदम पोहोचेल. बॅलन्स डावीकडे सरकवून हे साधेल असे पुष्कळांना वाटते, मलाही वाटत होते. पण बॅलन्सने फक्त कमीजास्तपणा बदलतो, वेळ बदलत नाही, आणि दिशा ठरवताना कान आधी पोहोचलेल्या आवाजाला मान देतो. म्हणूनच गायिका माझ्या गुडघ्याजवळ बसत होती.

मापे घेताना मी नेहमीसारखी टेकून बसले आणि मुलाने टेप धरली. सगळ्यात दूरचा स्पीकर पुढचा डावा, १४२ सेंटिमीटर. त्याला उशीर शून्य. पुढच्या उजव्याचा फरक ४६ सेंटिमीटर, भागिले ३४.३, म्हणजे १.३४ मिलिसेकंद. मागच्या डाव्याचा फरक १४, म्हणजे ०.४१. मागचा उजवा माझ्या सगळ्यात जवळ, ८४ सेंटिमीटरवर, म्हणून त्याचा फरक ५८ आणि उशीर १.६९. (हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, पण तापलेल्या गाडीतही या आकड्यांत फार तर पाचसहा टक्क्यांचा फरक पडतो, तेव्हा त्यावरून मी डोके शिणवले नाही.) युनिटमध्ये त्यांच्या जवळात जवळचे आकडे भरले. नंतर बाबांचे पत्र लावून पुढच्या उजव्याचा उशीर एकेका पायरीने खालीवर केला, कारण खालचा स्पीकर आणि ट्वीटर एकाच तारेवर असल्यामुळे टेपचे माप हा केवळ सुरुवातीचा अंदाज असतो. एका पायरीवर आवाज उजवीकडे झुके, दुसऱ्यावर डावीकडे पसरे, आणि मधल्या एका पायरीवर तो अचानक गोळा झाला. बाबा डॅशबोर्डच्या वर, काचेच्या जरा आत, मधोमध बसून वाचत होते. पत्र सुरू करण्याआधी ते घसा खाकरतात, ती खाकरणीसुद्धा तिथूनच आली. या एका बदलाने जे मिळाले ते इक्वलायझरच्या कुठल्याही पट्टीने मिळाले नसते, असे माझे ठाम मत आहे, आणि ज्यांच्या युनिटमध्ये ही सोय आहे त्यांनी ती न उघडणे म्हणजे घरात विहीर असून पाणी विकत आणणे होय.

पुढचे पाऊल क्रॉसओव्हरचे, म्हणजे कुठल्या सुराखालचा आवाज स्पीकरकडे जाऊ द्यायचा नाही ते ठरवण्याचे. दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला अगदी खालचे सूर वाजवायला लावले तर पडदा नुसता मागेपुढे धापा टाकतो, ऐकू फारसे येत नाही, आणि त्याच पडद्यावरचे मधले सूरही गढूळ होतात. युनिटमध्ये ५०, ६३, ८० आणि १०० हर्ट्झ असे पर्याय होते. सबवूफर असता तर मी विचार न करता ८०वर कापले असते. तो नसल्यामुळे ६३ घेतले, उतार सप्तकामागे १२ डेसिबल, म्हणजे त्याखाली प्रत्येक सप्तकाला आवाज तेवढा घटत जातो. भीती होती की डग्गा पुन्हा हरवेल, पण तसे झाले नाही, कारण बंद गाडीची छोटी पोकळी अगदी खालच्या सुरांना स्वतःहून उचलून धरते. उलट आवाज मोठा केल्यावर शब्द पूर्वीपेक्षा स्वच्छ राहू लागले.

इक्वलायझर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. युनिटमध्ये तेरा पट्ट्या आहेत. पिंक नॉइज वाजवला, ज्यात प्रत्येक सप्तकाला सारखीच ऊर्जा असते आणि जो ऐकायला धबधब्यासारखा लागतो, आणि फोनमधल्या आलेख दाखवणाऱ्या ॲपने डोक्याभोवती सहा ठिकाणी मोजून सरासरी काढली. फोनच्या माइकवर सगळीकडे सारखाच विश्वास ठेवता येत नाही. १०० हर्ट्झच्या खाली बहुतेक फोन आवाज मुद्दाम दाबतात, कारण ते बोलण्यासाठी केलेले असतात. त्यामुळे खालच्या भागासाठी मी कानावरच भिस्त ठेवली आणि वरच्या भागात फक्त ठळक उंचवटे तेवढे खरे मानले. दोन दिसले. एक २०० हर्ट्झच्या आसपास, रुंद आणि आडदांड; तीच बाबांची सर्दी. दुसरा तीन हजारांच्या थोडा वर, बहुधा काचेवरून उसळणाऱ्या आवाजाचा. तोच चाट टोचण्याचे मूळ.

एक खळगाही दिसला, ५००पाशी, आणि तो भरण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली. पट्टी अधिक दोन केली, चार केली, सहा केली. आलेख जेमतेम हलला, आणि डोके जरा पुढे नेले की खळगा दुसरीकडे सरकलेला. लहरी एकमेकींना खोडत असतील तर तिथे कितीही ओता, जितके ओतावे तितकेच खोडले जाते आणि ॲम्प्लिफायर फुकट राबतो. ती पट्टी शून्यावर परत आणली.

उंचवटे मात्र कापून कमी होतात. २०० उणे चार, ३१५ उणे दोन, ३१५० उणे दोन. वर १२,५०० अधिक एक, ते केवळ जवारीच्या लोभाने. बाकी सगळे शून्य. प्रत्येक बदलानंतर एकूण आवाज पुन्हा आधीइतका करून मगच तुलना केली, कारण दोनपैकी जो मोठा तोच कानाला चांगला वाटतो आणि त्या मोहात मी दीड वर्ष सापडले होते. वीसेक मिनिटांनंतर कान शिणतात आणि काहीही खरे वाटू लागते, म्हणून दिवसाला दोनपेक्षा जास्त बदल केले नाहीत.

उभ्या गाडीत सगळे देखणे जमले आणि मोठ्या रस्त्यावर वेगात निघाल्याबरोबर डग्गा पुन्हा क्षीण झाला. चाकांचा आणि रस्त्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या सुरांतच असतो, आणि तो खालच्याच सुरांना झाकतो. यासाठी एक वेगळी मांडणी साठवून ठेवली, ज्यात ८० हर्ट्झची एकच पट्टी अधिक तीन आहे. वेगानुसार आवाज वाढवणारी सोय सगळ्यात खालच्या पायरीवर पुन्हा चालू केली. लाउडनेसबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण ते बटण वाईट नाही, मी त्याचा वापर वाईट करत होते. आवाज बारीक असताना माणसाचा कान खालच्या सुरांना कमी दाद देतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवले. ती तूट भरून काढण्यासाठी हे बटण असते. पहाटे हळू आवाजात ऐकताना ते उपयोगी पडते, आवाज मोठा केल्यावर ते बंद केलेलेच बरे.

मागच्या सीटचा विचार मी केलाच नव्हता. मुलाने एका फेरीनंतर सांगितले, ‘‘आई, गाणं सगळं तुझ्यापाशीच थांबतं, मागे नुसती झांज ऐकू येते.’’ खरेच होते. उशिराचे सगळे गणित माझ्या डोक्याच्या जागेसाठी मांडलेले होते आणि फेडर चार घरे पुढे होता. म्हणून तिसरी मांडणी केली, जिच्यात चारही स्पीकरचा उशीर शून्य आहे आणि फेडर मध्यावर आहे. तिच्यात गायिका पुन्हा माझ्या गुडघ्याकडे सरकते, पण गाडीत चौघे असताना तेवढे सोसायला हवे.

काही महिन्यांनी बॅटरी बदलावी लागली, त्यात माझ्या त्या पहिल्या दोन तासांच्या बैठकीचाही थोडा हातभार असावा. जुनी काढून नवी बसवेपर्यंत युनिट सगळे विसरले आणि गाडी सुरू करताच तिन्ही मांडण्यांच्या जागी कंपनीतून आलेला झगमगता आवाज हजर झाला. आकडे मी गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलेल्या वहीत लिहून ठेवले होते, त्यामुळे दहा मिनिटांत ते परत भरले. भरताना २००च्या पट्टीवर बोट उणे तीनला पोहोचले असतानाच बाबांनी घसा खाकरला, आणि मी बोट तिथेच थांबवून पत्र शेवटपर्यंत ऐकले. चारला आवाज जितका मोकळा होता तितकाच तीनलाही होता, शिवाय त्यात छातीतला भरदारपणा जरा जास्त होता. वहीतला चार खोडून तिथे तीन लिहिले.